हातमोजा दिसला: ‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ची ब्लू-रे

‘नाइट ऑफ द लिव्हिंग डेड’ हा १९६८चा काळापांढरा अमेरिकी भयपट. मेलेली माणसं उठतात आणि एका घरात अडकलेल्या जिवंतांवर चालून येतात. सुरुवातीला जॉनी बहिणीला, बार्ब्राला घेऊन कबरस्तानात येतो, तेव्हा त्याने काळे चामड्याचे हातमोजे घातलेले असतात. गाडी चालवताना घालतात तसले. शेवटाकडे घराचं दार बाहेरून फोडलं जातं, फटींतून हात आत घुसतात, आणि त्या हातांत एक हातमोजा घातलेला हात असतो. तो कोणाचा, हे चित्रपट पाहिलेल्यांना आठवत असेल.

मला आठवत नव्हतं, कारण मला तो कधी दिसलाच नव्हता. हा चित्रपट मी एका जुन्या डीव्हीडीवर चार वेळा पाहिला होता. त्या डीव्हीडीत रात्र म्हणजे सरसकट काळा डांबरी ठिपका होता. काळ्यावर काळा हातमोजा काय दिसणार? मी समजत होते की जॉनीच्या हातमोज्यांना काही अर्थच नाही, नटाला थंडी वाजत असेल म्हणून घातले असतील. मित्रमैत्रिणींना मी ठासून सांगायचे की या चित्रपटाची कल्पना थोर आहे, पण चित्रीकरण हौशी आहे, प्रकाशयोजना कोणाला येत नव्हती. क्रायटेरियन या जुने चित्रपट निगुतीने डिस्कवर आणणाऱ्या कंपनीने २०१८ साली काढलेली ब्लू-रे (डीव्हीडीपेक्षा जास्त तपशील मावणारी डिस्क) पाहिल्यावर तो निकाल मी मागे घेतला आहे. ज्यांना ज्यांना सांगितलं होतं, त्यांना फोन करून मागे घेतला आहे.

मी वीस वर्षं डार्करूममध्ये काळ्यापांढऱ्या प्रिंट काढल्या. एन्लार्जरखाली निगेटिव्ह ठेवायची, टेस्ट स्ट्रिप काढायची, सावलीत किती तपशील शिल्लक आहे ते बघायचं, हाच रोजचा उद्योग. त्यामुळे डिस्क हातात आली की मी आधी गोष्टीकडे बघतच नाही. प्रत कुठून काढली आहे ते बघते. भयपटांच्या बाबतीत तर हे जास्तच करावं लागतं, कारण त्यांची निगा बहुधा कोणी राखलेली नसते. आणि वाईट प्रतीचा दोष आपण बघता बघता दिग्दर्शकाच्या माथी मारतो. मी मारलाच होता.

या चित्रपटाची अशी दुर्दशा का झाली, त्यामागचं कारण ऐकून मला अजून हळहळ वाटते. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि मंडळींनी सुमारे १ लाख १४ हजार डॉलरमध्ये तो केला, आणि १ ऑक्टोबर १९६८ ला पिट्सबर्गमध्ये तो पहिल्यांदा दाखवला गेला. त्याचं आधीचं नाव ‘नाइट ऑफ द फ्लेश ईटर्स’. वितरकाने नाव बदललं, नावाची पाटी नवी केली, आणि जुन्या पाटीवर असलेली कॉपीराइटची ओळ नव्या पाटीवर घालायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात ती ओळ नसेल तर हक्कच उरत नसे. एका ओळीपायी चित्रपट साऱ्या जगाचा झाला आणि ज्यांनी घाम गाळला त्यांचा राहिला नाही. मग ज्याच्या हाती जी प्रिंट लागली, त्याने तिच्यावरून व्हिडिओ कॅसेट काढली, पुढे डीव्हीडी काढली.

फोटोच्या फोटोचा फोटो काढून बघा, म्हणजे यात काय होतं ते लगेच कळेल. कॅमेऱ्यातून निघालेली निगेटिव्ह ही पहिली पिढी. तिच्यावरून मास्टर पॉझिटिव्ह, त्यावरून ड्यूप निगेटिव्ह, त्यावरून थिएटरची प्रिंट. तिथून पुढे कोणी १६ मिलिमीटरची प्रत केली असेल, तिची कॅसेट, कॅसेटवरून डिस्क. दर पायरीला कॉन्ट्रास्ट, म्हणजे काळ्यापांढऱ्यातला फरक, चढतो. चेहऱ्याचा उजेड फटफटीत पांढरा होतो, सावल्या बुजतात, मधले करडे रंग एकेक करून उडून जातात. माझ्या जुन्या डीव्हीडीत बार्ब्राच्या चेहऱ्याला नाक नव्हतं, दोन डोळे आणि एक तोंड होतं.

ही ब्लू-रे थेट पहिल्या पिढीवरून आली आहे. न्यू यॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने आणि दिग्दर्शक मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या फिल्म फाउंडेशनने मूळ कॅमेरा निगेटिव्हवरून ४के, म्हणजे फार बारीक तपशिलाचं डिजिटल, पुनरुज्जीवन केलं. त्यावर रोमेरो यांनी स्वतः देखरेख केली, जॉन रुसो, रसेल स्ट्रायनर, गॅरी स्ट्रायनर ही मूळ कंपूतली माणसंही त्यात होती. २०१६ साली तो त्या संग्रहालयात दाखवला गेला. जुलै २०१७ मध्ये रोमेरो गेले. आपला चित्रपट पुन्हा धड झालेला पाहून ते गेले, याचं मला फार समाधान आहे.

डार्करूमवाल्यांना आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. रंगीत फिल्म स्कॅन करताना धूळ आणि ओरखडे इन्फ्रारेड किरणांनी वेगळे ओळखता येतात, कारण रंगद्रव्यातून ते किरण आरपार जातात आणि धूळ तेवढी अडते. काळ्यापांढऱ्या फिल्ममध्ये चित्र चांदीचं असतं, आणि चांदी इन्फ्रारेडलाही अडवते. तिथे ती युक्ती चालत नाही. शेजारच्या फ्रेम ताडून, डोळ्यांत तेल घालून साफसफाई करावी लागते. ९६ मिनिटांचा चित्रपट, सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे १,३८,२४० चित्रं झाली. ती साफ करताना माणूस वैतागून एक बटण दाबतो आणि सगळ्या चित्रपटाचा ग्रेन, म्हणजे फिल्मवरचे बारीक दाणे, पुसून टाकतो. तसं केलेल्या डिस्क मी पाहिल्या आहेत. माणसं मेणाची दिसतात, भिंती प्लास्टिकच्या, आणि कोणी मान वळवली की गालाचा पोत चेहऱ्यामागून फरफटत येतो. ग्रेन म्हणजे घाण नव्हे हो, चित्र त्या दाण्यांचंच बनलेलं असतं!

इथे ग्रेन जागच्या जागी आहे. बारीक, जिवंत, आकाशात थोडा जास्त, अंधारात शांत. मी एक प्रसंग थांबवून थांबवून पाहिला. बेन खिडक्यांवर फळ्या ठोकतो तो. फळीच्या लाकडाच्या रेषा दिसतात. फळीची सावली भिंतीवर पडते, तिची कड धारदार आहे, म्हणजे दिवा लहान होता आणि बाजूला खाली ठेवला होता. बेनच्या कपाळावरचा घाम दिसतो. बेन झालेल्या ड्वेन जोन्स यांच्या चेहऱ्याच्या सावलीकडच्या बाजूलाही डोळा, गाल, जबडा सगळं नीट वाचता येतं. एका कडक दिव्यात हे साधायचं तर एक्स्पोजर अचूक लागतं. कॅमेरा रोमेरो यांनी स्वतः धरला होता, आणि त्याआधी ही मंडळी जाहिराती आणि औद्योगिक फिल्म करत होती. त्यांना प्रकाशयोजना येत होती. उत्तम येत होती. त्याच घरात बार्ब्रा एका म्युझिक बॉक्सकडे बघत बसते, त्याला छोटे फिरते आरसे आहेत. जुन्या डीव्हीडीत तिथे नुसती चमचम होती. आता आरशांच्या मधून तिचा डोळा दिसतो, आणि ती किती हरवली आहे हे एकही संवाद न लागता कळतं.

आणि दार फुटतं तेव्हा काळ्या रात्रीतून काळा हातमोजा वेगळा दिसतो. मी उठून उभी राहिले.

चित्राची चौकटही बरोबर, १.३७ ला १, म्हणजे जवळजवळ चौकोनी. रुंद टीव्ही भरायला वरखाली कात्री लावलेली नाही. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात, त्या राहू द्याव्यात.

आवाज मोनो आहे आणि कॉम्प्रेस न करता दिला आहे. जुन्या प्रतीत संवादांमागे सतत पाऊस पडल्यासारखी खरखर होती. ती गेली, पण रात्रीच्या किड्यांची किरकिर राहिली. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण खरखर काढताना किडेही काढून टाकणं अगदी सोपं असतं. संगीत मात्र तयार संगीताच्या साठ्यातून उचललेलं आहे आणि ते काही ठिकाणी ओरडतं. तो दोष चित्रपटाचा, डिस्कचा नव्हे.

दोष म्हटले तर आणखी आहेत, आणि प्रत सुधारली म्हणून ते झाकले जात नाहीत. शुक्राकडून परतणाऱ्या यानाच्या किरणोत्सर्गाची जी मीमांसा टीव्हीच्या बातम्यांत येते ती मला आजही नको वाटते. मेलेले का उठले हे न कळण्यातच भीती होती. बार्ब्राला पहिल्या अर्ध्या तासानंतर लेखकांनी वाऱ्यावर सोडलं आहे. तळघरातली काही भांडणं शाळेच्या नाटकासारखी वाजतात. भयपट आहे म्हणून सांभाळून घ्यावं हे मला मान्य नाही, आणि भयपट आहे म्हणून आधीच दहा गुण कापावेत हेही नाही. या चित्रपटात घराच्या आतली माणसं बाहेरच्यांपेक्षा जास्त घाबरवतात, आणि ते १९६८ सालीही खरं होतं. शेवटी येणारे स्थिरचित्रांचे तुकडे, वर्तमानपत्रात छापल्यासारखे भरड, आता पूर्ण वाचता येतात. कोणाच्या हातात कसले टोकदार आकडे (हुक) आहेत ते दिसतं. त्या दोन मिनिटांनंतर मी बराच वेळ डिस्क बाहेर काढली नाही.

संच दोन डिस्कचा आहे आणि सोबतचं साहित्य भरगच्च आहे. त्यातली ‘नाइट ऑफ अनुबिस’ ही कच्ची संकलित प्रत मी सगळ्यात आधी पाहायला सांगेन, संकलन शिकणाऱ्यांना तर नक्कीच. १९९४ साली ध्वनिमुद्रित केलेली दोन निवेदनं आहेत. बनवणारी माणसं एकत्र बसून बोलतात, एकमेकांचं वाक्य तोडतात, आठवणी दुरुस्त करतात. १६ मिलिमीटरचे न जोडलेले तुकडे आहेत, त्यात क्लॅपर बोर्डाच्या अलीकडची-पलीकडची माणसं दिसतात. ड्वेन जोन्स १९८८ साली गेले, त्यांची जुनी मुलाखत इथे आहे. त्यासाठी तरी घाई न करता एक संध्याकाळ ठेवा. गिलेर्मो देल तोरो, फ्रँक डॅराबाँट आणि रॉबर्ट रॉड्रिग्ज या दिग्दर्शकांचा कौतुकाचा भाग मात्र एकदा पाहिला तरी पुरे.

घेण्याआधी एवढं बघा: ही ब्लू-रे रीजन एची आहे, म्हणजे जगाच्या ठरावीक भागातल्या प्लेअरवरच चालणारी, तुमच्या प्लेअरला ते चालतं का ते तपासा. २०२२ साली याच चित्रपटाची ४के डिस्कही निघाली आहे आणि ४के डिस्कला रीजनची अडचण नसते, पण तिला प्लेअर वेगळा लागतो. नाव तेच असलेल्या पण पाठीवर मूळ निगेटिव्हचा उल्लेख नसलेल्या डिस्कपासून दूर राहा, वेष्टन कितीही देखणं असो. रंगवलेली आवृत्ती तर हातातही धरू नका.

लावताना टीव्हीचा शार्पनेस कमीत कमी करा, हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा, आणि खोलीत पूर्ण अंधार करा. मग कबरस्तानात जॉनी गाडीतून उतरेल, तेव्हा त्याच्या हातांकडे बघा.