चिनी शिकायचं ॲप: पेरणीपासून वेचणीपर्यंत वापरल्यावरचा अनुभव

पऱ्हाटीची पेरणी चालू होती तेव्हा ॲप टाकलं होतं, आता शेवटचा वेचा घरात येऊन पडला तरी रोज वापरतोय, म्हणून म्हटलं सविस्तर लिहावं. ॲपचं नाव देत नाही, लोक त्याच्यावरच भांडत बसतात, आणि फुकटवाले सगळे थोडेफार सारखेच आहेत.

माझं दुकान बॅटरी पंप दुरुस्तीचं, हिंगणघाटकडच्या एका गावात. फवारणीच्या सीझनमधे पंपांची रांग लागते आणि त्यातला चार्जर, कंट्रोलर, मोटर बरंचसं चीनचं, त्यावर लिहिलेलंही चिनीतच. मोबाईलचा कॅमेरा धरला की ट्रान्सलेट होतं हे मान्य, पण हात ऑइलनं भरलेले असतात आणि नेटवर्क कधी असतं कधी नसतं. एवढंच कारण, चीनला बिनला जायचं नाही. गिऱ्हाईक विचारतात, "चिनी कायले शिकून रायला बे?" एका रिटायर गुरुजींनी मात्र त्यांनाच गप्प केलं, म्हणाले १९३८ ला भारतातून पाच डॉक्टर चीनला गेले त्यात सोलापूरचे कोटणीस सगळ्यांना माहीत, पण नागपूरचे चोळकरही होते ते कोणी सांगत नाही.

आता मुद्द्याचं. ॲप चांगलंय पण ते शिकवतं इंग्रजीतून, आणि तिथंच सगळी गोची आहे. मराठी माणसाला जे सोपं आहे ते अवघड करून सांगतात. आता रोमन लिपीत चिनी लिहायची पद्धत आहे, पिनयिन, १९५८ पासूनची. त्यात बी लिहिलेलं असतं आणि पी लिहिलेलं असतं, ॲप त्यावर धडेच्या धडे घालवतं, तोंडासमोर कागद धरा, हवा लागते का बघा. अरे बाबा, बी म्हणजे आपला प आणि पी म्हणजे आपला फ (फळातला, फोनमधला नाही), डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. संपलं! हे आपण पहिलीत बाराखडीसोबत घोटलेलं असतं. झेड अक्षराचा उच्चार म्हणजे चाकातला च, आणि जे म्हणजे चिमणीतला च, हा फरक तर मराठी पोराला सांगावाही लागत नाही. मी पहिल्याच आठवड्यात वहीत सगळं देवनागरीत लिहून घेतलं आणि गाडी सुटली.

नात्यांचं पण तेच. ॲपमधे आन्टी, अंकल. चिनीत आत्याला कूकू, मावशीला ईमा, मामाला च्योच्यो, बापाच्या लहान भावाला शूशू आणि मोठ्या भावाला पोपो, म्हणजे आपले काका वेगळे आणि मोठेबाबा वेगळे, बरोबर आपल्यासारखं. ॲपमधे आन्टी आलं की आत्या का मावशी हे ठरवायला काही मार्गच नाही आणि मग आपलं उत्तर लाल होतं. तसंच आम्ही आणि आपण, ऐकणाऱ्याला धरून बोलायचं असेल तर उत्तरेकडच्या चिनीत चानमन (चाकातला च) म्हणतात, एरवी वोमन. इंग्रजीत दोन्हीला वी, त्यामुळे ॲपनं एका ओळीत उरकलंय. आणि प्रश्न करायला वाक्याच्या शेवटी नुसतं मा लावायचं, जसं आपण का लावतो. "जेवला का?" हे तिकडेही रामराम म्हणून चालतं, "छ्र ल मा?"

सूर मात्र खरंच डोकं खातात, ते आपल्याकडे नाहीत. चार सूर आणि एक हलका. माय खाली दाबून म्हटलं की विकत घेणे, आणि बैलाला हट् म्हणतो तसं वरून खाली आपटलं की विकणे. कापसाच्या बाजारात हा घोळ परवडणार नाही 😄 आणि घरी प्रॅक्टिस केली की आतून आई ओ देते, "का रे?" ॲपचा माइक इथे एकदम बेकार आहे, मी मुद्दाम उलटसुलट सूर लावून पाहिले, सगळ्याला हिरवी टिक. सुरांसाठी युट्यूबवर हळू बोलणारे व्हिडिओ बरे, ऐकायचं, थांबवायचं, तसंच म्हणायचं.

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त कामी आले आकडे. आपल्यासारखं एकोणसत्तर एकोणऐंशी पाठ करायची भानगड नाही, सहा दहा नऊ, सात दहा नऊ, सरळ. कापसाचा लांब धाग्याचा २०२५-२६ चा हमीभाव ८,११० होता तो पा छ्येन ई पाय ई श्र. काट्यावर गाठोडं ठेवलं की मी मनात वजन चिनीत म्हणतो. दहा हजाराच्या वर जरा अडखळायला होतं कारण तिकडे दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, वान, म्हणून लाख म्हणजे दहा वान आणि कोटी म्हणजे हजार वान.

दुकानात आता चालू, बंद, चार्जिंग, बॅटरी, प्लस मायनस एवढं बोर्डावर न बघितल्यासारखं वाचतो. अडलं तर प्लेको डिक्शनरी, फुकट आहे, नेट लागत नाही, अक्षर बोटानं काढलं की सापडतं. अर्थ इंग्रजीत येतो तेवढंच. माझ्या मते ही ॲपपेक्षा कामाची.

बोलायला माणूस मिळणं हे सगळ्यात मोठं दुखणं. वीचॅट, म्हणजे चिनी लोकांचं चॅटिंगचं ॲप, आपल्याकडे जून २०२० च्या ५९ ॲपच्या बंदीत गेलं. ज्याला नीट मास्तरांकडून शिकायचंय त्यानं वर्ध्याच्या हिंदी विद्यापीठात चौकशी करावी, तिथे चिनी शिकवतात.

पैसे भरावे का? वर्षाचं पॅकेज घेऊ नका. फुकटात जाहिराती आहेत पण जुन्या एचएसके (चिनी भाषेची परीक्षा) पहिलीचे १५० शब्द आरामात होतात, दुसरीचे ३०० व्हायला लागले की एक महिन्याचं घ्या, धडे उतरवून घ्या आणि बंद करा. मी तेच केलंय. पाचपैकी तीन स्टार, मराठीतून कोर्स काढला तर चार देईन, माइक सुधारला तर पाच.