कुपेर्यानोव्ह बटालियनसाठी वीम्सीचं युद्धसंग्रहालय: पुरेसं आहे का?

एस्टोनियाचं सोव्हिएत रशियाविरुद्धचं स्वातंत्र्ययुद्ध (1918-20) समजून घ्यायचं असेल, तर टालिनला लागून असलेल्या वीम्सीचं युद्धसंग्रहालय चुकवू नका. पण खास कुपेर्यानोव्ह पायदळ बटालियनच्या इतिहासासाठी जाणार असाल, तर तिथे निम्मंच हाती लागतं. बाकीचं दक्षिण एस्टोनियातल्या तार्तू-वाल्गा रेल्वेमार्गावर आहे. पाचपैकी चार तारे.

संग्रहालय 1919 मध्ये, युद्ध चालू असतानाच सुरू झालं. 1940 मध्ये सोव्हिएत राजवटीने ते मोडीत काढलं आणि 2001 मध्ये ते पुन्हा उभं राहिलं, तेही सरसेनापती योहान लाइडोनर यांच्याच वाड्यात. सोमवार-मंगळवार टाळा, बंद असतं.

आत गेल्यावर बंदुकांकडे वळण्याआधी जानेवारी 1919 ची आघाडी आणि रूळ कुठून कुठे जातात ते नीट समजून घ्या. ही बटालियन लेफ्टनंट युलियुस कुपेर्यानोव्ह यांनी डिसेंबर 1918 मध्ये स्वयंसेवक गोळा करून उभारली आणि 14 जानेवारीला चिलखती रेल्वेगाड्यांच्या साथीने तार्तू घेतलं. रूळ कळले नाहीत तर एवढ्या लहान तुकडीने इतकी मजल कशी मारली, हे कोडंच राहतं. कमतरता इथेच आहे: देशाचा सगळा लष्करी इतिहास एका वाड्यात मांडायचा म्हटल्यावर एका बटालियनच्या वाट्याला जागा थोडीच येते.

बटालियनचं चिन्ह म्हणजे काळ्यावर पांढरी कवटी आणि हाडं. ते पाहून अनेकजण थेट नाझींशी नातं जोडतात. ते चूक आहे. हे चिन्ह 1918-19 च्या युद्धातलं आहे.

खरा धडा वाल्गाजवळच्या पायूला मिळतो. 31 जानेवारी 1919 ला मोकळ्या, बर्फाळ शेतातून सुमारे 300 सैनिक पायूच्या वाड्यावर चालून गेले. समोर मशीनगन घेतलेले लाल (बोल्शेविकांच्या बाजूचे) लाटव्हियन रायफलधारी होते, आडोसा काहीच नव्हता. एस्टोनियाच्या मदतीला आलेले हान्स काल्म यांचे फिनिश स्वयंसेवक अजून पोचायचे होते. स्वतः पुढे राहून हल्ला चढवणारे कुपेर्यानोव्ह जबर जखमी झाले आणि 2 फेब्रुवारीला गेले. संध्याकाळी फिनिश तुकडीसह वाडा हाती आला, दुसऱ्या दिवशी वाल्गा. रीगा आणि प्स्कोव्हकडचे रूळ वाल्गाला मिळतात, म्हणून त्या गावाची एवढी किंमत. बटालियनला कुपेर्यानोव्ह यांचं नाव मिळालं ते त्यांच्या मृत्यूनंतर. त्या शेतात उभं राहिल्यावर आडोसा नसणं म्हणजे काय ते लगेच कळतं. कुठलंही दालन ते दाखवू शकणार नाही.

क्रम असा ठेवा: आधी वीम्सी, मग तार्तूच्या राडी दफनभूमीत कुपेर्यानोव्ह यांची कबर, मग रेल्वेने वाल्गा. तार्तूहून वाल्ग्याला गाड्या मोजक्याच आहेत, त्यामुळे परतीची वेळ आधी ठरवा. पायूचं स्मारक गावाबाहेर आहे, टॅक्सी करा. हिवाळ्यात उजेड लवकर जातो, तेव्हा दुपारच्या आत पोचा.

1992 पासून बटालियन वोरु इथे पुन्हा उभी आहे आणि सक्तीच्या सेवेतल्या तरुणांना तयार करते. तो चालू लष्करी तळ आहे, प्रेक्षणीय स्थळ नव्हे. फाटकावर जाऊन फोटो काढत बसू नका.