आत्मचरित्राला नामसूची हवीच: सात महिन्यांच्या वाचनानंतर

साडेचारशे रुपयांच्या पुस्तकातली छायाचित्रांची आठ पानं चौथ्या महिन्यात एकगठ्ठा हातात आली. पानं परत चिकटवता येतात, त्याची रीत खाली दिली आहे. पण त्याच पुस्तकाच्या शेवटी नामसूची, म्हणजे आत आलेल्या माणसांच्या नावांची यादी, नाही; ती कशी चिकटवणार? सात महिने सलग आत्मचरित्रं आणि आठवणी वाचल्यावर माझी मुख्य तक्रार तीच उरली आहे.

कोणती वाचावीत याच्या याद्या सगळ्यांकडे असतात, त्यामुळे ती यादी इथे नाही. वाचताना गाडी कुठे अडते, तेवढंच लिहितो.

मराठी आत्मचरित्रात एका माणसाला सहज दोन-तीन नावं असतात. लक्ष्मीबाई टिळक माहेरच्या मनकर्णिका गोखले. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर. हंसा वाडकर मूळच्या रतन साळगावकर. ‘बलुतं’मध्ये दया पवार दगडू मारुती पवार होऊन बोलतात. ही झाली मुख्य माणसं, त्यांची नावं मलपृष्ठावर तरी कळतात. आतल्या माई, अक्का, नाना, बापू, आबा यांचं काय? पान ४० वरचे काका माहेरचे असतात, पान १७० वरचे सासरचे, आणि पान २३० वर ‘काकांनी पैसे पाठवले’ एवढंच वाक्य येतं. पैसे कुणी पाठवले यावर कधी कधी पुढचं अख्खं प्रकरण उभं असतं. पन्नास पानं मागे जाऊन शोधावं लागतं आणि वाचनाची लय तुटते.

नवऱ्याचा उल्लेख हा आणखी एक पेच. रमाबाई यजमानांचं नाव न घेण्याची रीत पाळतात. त्यांच्या आठवणींचं इंग्रजी भाषांतर १९३८ साली आलं तेच ‘हिमसेल्फ’ या नावानं. ‘स्मृतिचित्रे’त लक्ष्मीबाई मात्र सरळ ‘टिळक’ म्हणतात. एका पुस्तकातून दुसऱ्यात जाताना हा फरक लक्षात ठेवला नाही, तर पहिली वीस पानं कोण कुणाशी बोलतंय हेच कळत नाही. दोन्ही पद्धतींची गोडी मोठी आहे आणि त्या तशाच राहिल्या पाहिजेत. म्हणून तर शेवटी एक पान मदतीचं हवं.

ते पान कुणी देत नाही, तोवर आपणच करायचं. एक ए-फोर कागद आडवा घेऊन मधोमध दुमडायचा, चार बाजू होतात. सुरुवातीला मी अकारविल्हे नावं लिहीत होतो. ती पद्धत फसते, कारण कोणतं नाव कधी येईल ते माहीत नसतं आणि मध्ये जागा उरत नाही. शिवाय सगळे ‘नाना’ एकाखाली एक येऊन गोंधळ वाढतो. घरवार लिहिणं चांगलं: पहिली बाजू माहेर किंवा जन्मघर, दुसरी सासर, तिसरी गाव आणि शाळा, चौथी नोकरी, चळवळ, मित्रमंडळी. नावापुढे सगळे पान क्रमांक लिहायचे नाहीत. दोनच लिहायचे: नातं जिथे पहिल्यांदा स्पष्ट होतं ते पान, आणि माणूस गेल्याचा उल्लेख असलेलं पान. दुसरं नाव सापडलं की बरोबरचं चिन्ह करून त्याच ओळीत. पेन्सिल एचबी, कारण गडद शिशाची घडीवर पसरते. तीनशे पानांच्या पुस्तकात अशी साठ ते ऐंशी नावं निघतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त पहिल्या शंभर पानांतच येऊन जातात. म्हणजे कष्ट सुरुवातीलाच आहेत, पुढे कागद फक्त बघायचा.

आता माझं मत जिथे बदललं तो मुद्दा. पहिले दोन-तीन महिने नामसूचीच्या बरोबरीनं सनावळीचीही तक्रार होती: जन्म कधी, शाळा कधी, लग्न कधी, काहीच का लिहीत नाहीत? ती तक्रार मागे घेतो. फलटणच्या बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ दुकान सांभाळता सांभाळता, घरच्यांपासून लपवून लिहिलं. ते १९८२ मध्ये ‘स्त्री’ मासिकातून आलं आणि १९८६ मध्ये पुस्तक झालं. अशा लेखनाकडे तारखा मागणं चूक आहे. ज्यांच्या जन्माची नोंदच कुणी केली नाही, त्यांनी सन कुठून आणायचा? शाळेच्या दाखल्यावर १ जून दिसली, तर ती मास्तरांनी नाव घालताना लावलेली असू शकते, हे धरूनच चालावं.

आणि सन नसला तरी काळ असतोच, तो घटनांत असतो. प्लेगात घर सोडून रानात झोपड्या घातल्या असं आलं की १८९६-९७ किंवा त्यानंतरची काही वर्षं. प्लेग पुन्हा पुन्हा येत राहिला, म्हणून इथे घाई करू नये. मानमोडीची (इन्फ्लुएंझाची) साथ म्हणजे १९१८. महाडचं तळं १९२७. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६. पानशेतचा पूर १२ जुलै १९६१. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७. दुष्काळात सुकडी (मदतीतला कोरडा पौष्टिक खाऊ) आणि मिलो (आयात केलेली ज्वारी) खाल्ली म्हणजे १९७२-७३. समजा, ‘सुकडी वाटली तेव्हा मी चौथीत होतो’ असं वाक्य आहे. चौथीतलं मूल नऊ-दहा वर्षांचं, म्हणजे जन्म १९६३ च्या आसपासचा. मग त्या माणसाची दहावी, त्याच्या बहिणीचं लग्न, वडिलांचं जाणं सगळं आपोआप जागेवर बसतं. हे जुळलं की होणारा आनंद मोठा आहे, तयार सनावळीनं तो दिला नसता.

नामसूचीचं मत मात्र बदललं नाही. सन मजकुरातून काढता येतो. दोन ‘नाना’ वेगळे आहेत हे अनेकदा मजकुरातून कळतच नाही. ते लेखकाला किंवा घरच्यांनाच माहीत असतं, आणि ती माणसं असेपर्यंतच विचारता येतं.

जुन्या आठवणी घेताना आवृत्ती नीट बघा. आपल्याकडे नुसत्या पुनर्मुद्रणालाही ‘पाचवी आवृत्ती’ म्हणतात, त्यामुळे आकड्यावरून मजकूर बदलला की नाही ते कळत नाही. याचं ठळक उदाहरण ‘माझा प्रवास’. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळेल या आशेनं उत्तरेकडे निघाले आणि १८५७ च्या धामधुमीत सापडले. त्यांचं लेखन १९०७ साली चिं. वि. वैद्यांनी छापलं, पण त्यात बरेच फेरफार करून. मूळ हस्तलिखितावरची प्रत दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये आणली. दोन्ही त्याच नावानं विकली जातात. दुकानात उभ्या उभ्या संपादकाचं नाव आणि प्रस्तावनेतला हस्तलिखिताचा उल्लेख पाहिला की काम होतं. शिवाय गोडसे भटजींनी हे लिहिलं ते परतल्यावर काही दशकांनी, आठवणीतून. झाशीचा वेढा त्यांनी डोळ्यांनी पाहिला. पण त्यांनी ऐकलेल्या गोष्टीही त्याच ठसक्यात येतात. ‘मी पाहिले’ आणि ‘असे म्हणतात’ यांना दोन वेगळ्या खुणा करत वाचलं तर पुस्तक कितीतरी जास्त देतं.

तसाच एक शब्द शोधायचा: शब्दांकन. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, १९७० मध्ये पुस्तक झालं, त्यांनी सांगितलं, अरुण साधूंनी लिहून घेतलं. त्यानं सच्चेपणा कमी होत नाही. पण वाक्याची ठेवण, प्रकरण कुठे तोडलं, काय गाळलं यात दुसरा हात असतो. शब्दांकन करणाऱ्याचं नाव मुखपृष्ठावर आहे की आत बारीक अक्षरांत, यावरून प्रकाशकाची नियत कळते.

ई-पुस्तक घेतलं की नामसूचीचा प्रश्न सुटेल असं वाटलं होतं. पुरता सुटत नाही. स्कॅन केलेल्या पानांत शोध चालतच नाही. युनिकोड असलं तरी नाव विभक्तीत बदलतं: पुणे शोधलं तर ‘पुण्यात’ निसटतं, नाशिक शोधलं तर ‘नाशकात’. ‘ठोंबरे’ घातलं तर ‘ठोंबऱ्यांनी’ येत नाही. शिवाय हा ‘ऱ्य’ दोन-तीन पद्धतींनी टंकलेला असतो, दिसायला सारखा आणि आतून वेगळा. उपाय एकच, नावाचा न बदलणारा तुकडा शोधायचा: ‘ठोंब’, ‘पुण’, ‘नाश’. नको ते शब्दही येतात, पण काही सुटत नाही. मात्र ‘अक्का’ शोधून दीडशे जागा मिळाल्या तर त्यातली कुठली अक्का कोण, हे शोध सांगत नाही. सूची करणारा माणूस सांगतो.

आता ती सुटलेली पानं. छायाचित्रं गुळगुळीत आर्ट पेपरवर छापतात आणि त्या कागदात गोंद मुरत नाही. नुसत्या गोंदावर बांधलेल्या पुस्तकात म्हणूनच ती सगळ्यांत आधी सुटतात. घेताना पाठीकडून वरच्या टोकाला पाहा: फर्म्यांच्या (एकत्र घडी घातलेल्या पानांच्या गठ्ठ्यांच्या) घड्या वेगवेगळ्या दिसल्या आणि फर्म्याच्या मध्यावर दोरा दिसला तर शिलाई आहे. सपाट, एकसंध कड दिसली तर नुसता गोंद, आणि असं पुस्तक उघडून पालथं घालू नये. सुटलेल्या पानाची आतली कड तीन मिलिमीटर बारीक पॉलिश पेपरनं खरवडायची, फेव्हिकॉलची काडीनं पातळ रेघ द्यायची, पान खोल बसवून दोन्हीकडे प्लास्टिकचा कागद घालून रात्रभर वजनाखाली ठेवायचं. सेलोटेप अजिबात नको. वर्षा-दोन वर्षांत पिवळी पडते आणि शेजारचं पानही धरते.

नवी प्रत विकत घेण्याआधी ग्रंथालय बघा. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. जुन्या छपाया अशाच ठिकाणी मिळतात. रमाबाई १९२४ मध्ये गेल्या, त्यामुळे त्यांच्या मूळ मजकुराचे हक्क कधीच संपले आहेत. अशा पुस्तकाच्या नव्या प्रतीला पैसे द्यायचे ते टिपा, नातेवृक्ष आणि सूचीसाठीच. नुसता मजकूर परत छापला असेल, तर ग्रंथालयाची वर्गणी स्वस्त पडते.

प्रकाशकांचं उत्तर ठरलेलं असतं: पानं वाढतात, किंमत वाढते. हे पटत नाही. पुस्तक सोळा पानांच्या फर्म्यांत छापलं जातं. एकोणीस फर्मे म्हणजे ३०४ पानं. मजकूर २९६ वर संपला तर आठ पानं तशीही उरतात, आणि त्यांवर प्रकाशनाच्या इतर पुस्तकांची जाहिरात येते. एका पानावर दोन रकाने, रकान्यात पस्तीस ओळी, म्हणजे सत्तर नावं. मी पेन्सिलीनं केलेली अख्खी सूची त्या आठांतल्या एका पानात मावते, फार तर दोन. बाकीच्या सहांवर जाहिरात खुशाल राहू द्या.