वेंगुर्ल्यातलं जुन्या नाण्यांचं दुकान आणि विल्हेल्मिना राणीचं 1943चं गुल्डन

वेंगुर्ल्याच्या बाजारात, मासळी मार्केटकडे वळायच्या आधीच्या गल्लीत काकांचं दुकान आहे. पुढच्या भागात घड्याळं दुरुस्त होतात, मागच्या टेबलावर जुनी नाणी असतात. पाटीवर नाण्यांचा उल्लेख नाही, आत जाऊन विचारावं लागतं. चांदीच्या वजनावर नाणी विकणारे पुष्कळ आहेत. पण हे नाणं कुणासाठी पाडलं, त्यावरून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे सगळं सांगून मगच ते हातात देणारा दुकानदार मला आपल्या जिल्ह्यात दुसरा भेटलेला नाही.

मी हायस्कूलमध्ये इतिहास शिकवते. इथल्या मुलांना डच वखार चांगली ठाऊक असते. पडक्या भिंती, वर छप्पर नाही, आत रान माजलेलं. 17व्या शतकात डच व्यापारी इथे होते, एवढं कुणीही सांगतं. त्या देशाचं पुढे काय झालं, याच्याशी कुणाला घेणं नसतं. वखारीच्या काळातलं एखादं नाणं वर्गात दाखवता येईल म्हणून मी काकांकडे गेले. त्यांनी डच ईस्ट इंडिया कंपनीचं डुइट हे तांब्याचं छोटं नाणं काढून दिलं आणि लगेच सांगितलं, की वखार गजबजलेली होती ते 17वं शतक आणि हे नाणं 18व्या शतकातलं. वखारीत सापडलं म्हणून सांगितलं असतं तर दुप्पट भाव आला असता, मी निमूट दिलाही असता. माझा या दुकानावर विश्वास बसला तो तिथे.

मग त्यांनी दुसरा ट्रे काढला. त्यात नेदरलँड्सच्या, म्हणजे डचांच्या विल्हेल्मिना राणीचं चांदीचं गुल्डन होतं. गुल्डन म्हणजे आपल्या रुपयासारखं त्यांचं नाणं.

हे नाणं नीट बघण्यासारखं आहे. पुढच्या बाजूला राणीचा डावीकडे वळलेला चेहरा आणि भोवती तिचं नाव, नेदरलँड्सची राणी म्हणून. मागे मुकुट असलेलं राजचिन्ह. कडेवर ‘देव आमच्यासोबत असो’ अशा अर्थाची डच अक्षरं कोरलेली. काकांनी भिंग दिलं आणि मागच्या बाजूची दोन बारीक चिन्हं दाखवली, एक इंग्रजी डी हे अक्षर आणि एक इवलंसं ताडाचं झाड. साल 1943. डी म्हणजे डेन्व्हर, अमेरिकेतली टांकसाळ. डच राणीचं नाणं अमेरिकेत पाडलं गेलं, कारण 1943 साली तिच्या देशातली टांकसाळ जर्मनांच्या ताब्यात होती आणि राणी इंग्लंडमध्ये होती. ताडाचं झाड ही वसाहतींसाठी पाडलेल्या नाण्यांची खूण. हे गुल्डन ईस्ट इंडीजसाठी, म्हणजे आजच्या इंडोनेशियासाठी होतं. आणि ती बेटं 1942च्या मार्चमध्येच जपान्यांनी घेतली होती. देश हातात नाही, वसाहत हातात नाही, तरी तिच्या नावाची नाणी पडताहेत. मी ते नाणं बराच वेळ खाली ठेवलं नाही.

काकांनी काट्यावर टाकून दाखवलं. वजन 10 ग्रॅम असायला हवं. वापरातलं असल्यामुळे किंचित कमी भरलं, तेही त्यांनी आपणहून दाखवलं. चांदी 72 टक्के, म्हणजे शुद्ध चांदी साधारण 7.2 ग्रॅम. चांदीचा भाव रोज बदलतो, म्हणून मी दिलेली रक्कम लिहीत नाही. त्या दिवशीच्या भावाने 7.2 ग्रॅमचे पैसे काढा, काकांचा आकडा त्याच्या थोडा वर असतो. मला तो पूर्ण वाजवी वाटला. याआधी मी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून हेच नाणं मागवलं होतं. ते घासून इतकं लखलखीत केलेलं होतं की राणीच्या केसांच्या रेषासुद्धा उरल्या नव्हत्या. त्यामुळे काकांचं काळपट नाणं बघून मला आनंदच झाला. आमसुलं लावून उजळू का म्हणून विचारलं, तर म्हणाले, “नाणा धुवचा नाय, बाय. तसाच ठेव.”

आपल्याकडे परक्या देशात धाडलेला राजा म्हटलं की ब्रह्मदेशाचा थिबा आठवतो. 1886 साली त्याला रत्नागिरीत आणलं आणि 1916 साली तो तिथेच वारला. राणी सुपयालतचीही तितकी वर्षं तिथेच गेली. हरलेल्या राजघराण्याने परमुलखात दिवस काढायचे, हेच चित्र आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं. विल्हेल्मिनाची हकिगत वेगळी आहे, आणि ती मुलांना सांगायला मला हे नाणं हवं होतं.

ती 10 वर्षांची असताना, 1890 साली, वडील गेले आणि ती राणी झाली. 18 वर्षांची होईपर्यंत आई एम्माने कारभार बघितला. पहिल्या महायुद्धात तिचा देश तटस्थ राहिला होता; या वेळीही राहू अशी आशा होती. 10 मे 1940 रोजी जर्मन फौजा घुसल्या. मुलगी युलियाना आणि दोन लहान नाती आधीच इंग्लंडला रवाना झाल्या होत्या. 13 मेला राणी हूक व्हॅन हॉलंड या बंदरावरून ‘हेरवर्ड’ नावाच्या ब्रिटिश विनाशिकेवर चढली. तिला जायचं होतं आपल्याच देशाच्या दक्षिणेला, झीलंडमध्ये, जिथे अजून लढाई चालू होती. पण तिथे उतरणं शक्य नव्हतं. बोट थेट इंग्लंडला हारविचला लागली आणि तिथून रेल्वेने ती लंडनला पोचली. स्टेशनवर राजा सहावा जॉर्ज उभा होता. दुसऱ्या दिवशी रॉटरडॅमवर बॉम्ब पडले आणि 15 मेला डच सैन्याने शरणागती पत्करली.

वर्गात हे सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “बाई, म्हणजे ती पळाली ना?” प्रश्न रास्त आहे. नेदरलँड्समध्येही त्या आठवड्यात पुष्कळांना हेच वाटलं, राणीने आपल्याला टाकलं म्हणून संताप होता. तिने पुढे काय केलं यावरच उत्तर ठरतं, असं मी मुलांना सांगितलं आणि मग पुढची पाच वर्षं सांगितली.

लंडनमध्ये तिच्यासोबत तिचं मंत्रिमंडळही होतं. पंतप्रधान डी गेर यांना वाटत होतं की युद्ध हरल्यातच जमा आहे, जर्मनीशी बोलणी करावीत. राणीने त्यांना दूर केलं आणि 1940च्या सप्टेंबरमध्ये खेरब्रांडी पंतप्रधान झाले. डच राज्यघटनेत राणीचे अधिकार मोजकेच. तरी संसद भरवणं शक्य नसलेल्या त्या काळात तिने हा निर्णय रेटला. माझ्या मते तिच्या अख्ख्या कारकिर्दीतलं हे सर्वांत मोठं काम. 28 जुलै 1940 रोजी बीबीसीवरून ‘रेडिओ ऑरान्ये’ हा डच कार्यक्रम सुरू झाला, पहिल्याच दिवशी ती बोलली आणि पुढेही बोलत राहिली. साठीला टेकलेल्या विधवा बाईचा तो आवाज लोक दारं-खिडक्या लावून ऐकत. 1943 साली जर्मनांनी घराघरांतले रेडिओ जप्त करायचा हुकूम काढला, यावरून त्या आवाजाची त्यांना किती धास्ती होती ते कळतं.

इथे काकांच्या ट्रेमधलं दुसरं नाणं उपयोगी पडलं. राणीचा चेहरा असलेलं 10 सेंटचं चांदीचं नाणं, बोटाच्या टोकावर मावेल एवढं. जर्मन अंमलात जस्ताची नाणी आली. नव्या 10 सेंटवर ट्यूलिपची फुलं, 25 सेंटवर जहाज, राणी गायब. मग लोकांनी जुनी चांदीची नाणी लपवून ठेवली, काहींनी मागे टाचणी बसवून ती पदक म्हणून कोटावर लावली. माझ्या वर्गातल्या मुलींनी ते नाणं आपापल्या युनिफॉर्मवर धरून पाहिलं. तास संपल्याची घंटा झाली तरी कुणी उठेना.

बाकीचं थोडक्यात. युलियाना मुलींना घेऊन कॅनडात ओटावाला गेली. तिथे 1943च्या जानेवारीत मार्ग्रीट जन्मली आणि बाळाला फक्त डच नागरिकत्व मिळावं म्हणून कॅनडाने इस्पितळातल्या त्या खोल्या तेवढ्यापुरत्या आपल्या हद्दीबाहेरच्या ठरवल्या. ऑगस्ट 1942 मध्ये विल्हेल्मिना अमेरिकन काँग्रेसपुढे बोलली. गादीवर असलेल्या राणीने तिथे भाषण करण्याची ती पहिली वेळ. 1944 साली लंडनजवळ साउथ मिम्सला ती राहत असलेल्या घरावर बॉम्ब पडला, पहारेकरी मेले, ती वाचली. 13 मार्च 1945 रोजी एडे गावाजवळ ती मायदेशी परतली. सरहद्द कुठली ते कळावं म्हणून रस्त्यावर पिठाची पांढरी रेघ ओढली होती, आणि ती चालत ओलांडून ती आत आली. उत्तरेकडे तेव्हा अजून जर्मन होते आणि त्या हिवाळ्यात तिथे हजारो माणसं उपासमारीने मेली होती.

तरी या नाण्याची एक बाजू मी मुलांपासून लपवली नाही. ताडाचं झाड ज्या लोकांसाठी होतं त्यांना तिचं राज्य नको होतं. डिसेंबर 1942 मध्ये तिने रेडिओवरून वसाहतींशी नव्याने नातं जोडायचं आश्वासन दिलं, पण ते फार उशिरा आणि फार अपुरं होतं. 17 ऑगस्ट 1945 रोजी इंडोनेशियाने स्वातंत्र्य जाहीर केलं, आणि डचांनी ते 1949च्या डिसेंबरात, तेही लढाई करून झाल्यावर मान्य केलं. स्वतःचा देश परक्यांच्या हातात गेल्याचं दुःख ज्या बाईने पाच वर्षं भोगलं, तिला दुसऱ्याचं तेच दुःख वेळेवर दिसायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. 1948च्या सप्टेंबरमध्ये तिने गादी सोडली, 1962 साली ती वारली.

दुकानाकडे परत येते. वर्गासाठी काका ट्रे देतात, ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते. अनामत ठेवायची, वहीत सही करायची आणि दुसऱ्या दिवशी नाणी परत द्यायची. ईस्ट इंडीजचा भोक असलेला सेंटही त्यात होता; तो बघून मुलांनी आजीकडचे आपले भोकाचे पैसे आणून दाखवले. ब्रह्मदेशाचं मोराच्या छापाचं एक नाणंही काकांकडे आहे, पण अस्सल असल्याची खात्री होत नाही तोवर ते विकत नाहीत.

खटकणाऱ्या गोष्टीही सांगते. उजेड कमी आहे. नाणं दारापाशी नेऊन बघा, काका नाही म्हणत नाहीत. बिल मागितल्याशिवाय मिळत नाही, तेव्हा मागाच, आणि त्यावर साल आणि टांकसाळीचं अक्षर लिहून घ्या. नाणी ते मऊ प्लास्टिकच्या पाकिटात देतात. आपल्या दमट हवेत अशा काही पाकिटांमुळे नाण्यावर हिरवट चिकट थर धरतो. घरी आल्यावर कागदी लिफाफ्यात घाला, डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्या टाका, आणि पावसाळ्यात त्या बदलत राहा.

दुपारी एक ते चार दुकान बंद असतं. गुगल पे चालतं. राणीची आणखी दोन गुल्डन मी बघितली तेव्हा ट्रेमध्ये होती, त्यातल्या एकाची कड जरा ठेचलेली आहे. ती काका स्वतःच दाखवतील.