बुकिंग खरंच होतं!

मालदीवहून आल्यावर बायकोने फोटो टाकले आणि आठवड्याभरात चौघांनी एजंटचा नंबर मागितला. प्रत्येकाला फोनवर तीच कथा सांगून कंटाळलो, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

मी सांगलीत एका पतसंस्थेत वसुलीला आहे. बुडव्या माणूस लांबून ओळखणं हा माझा पोटापाण्याचा धंदा. असो.

लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये जायचं ठरलं. विमानाची तिकिटं मुलीने थेट काढली, तेवढी वाचली. बाकीचं एजंटकडे दिलं. शेजाऱ्यांची केरळची सहल त्याने नीट करून दिली होती, तेवढी ओळख पुरली. तीन रात्री, पाण्यावरचा व्हिला, नाश्ता आणि रात्रीचं जेवण, सीप्लेनने (पाण्यावर उतरणारं छोटं विमान) ने-आण, दोघांचे मिळून १ लाख ९२ हजार. “दादा, मालदीव म्हणजे आपलं रोजचं काम!”

मी अगदीच डोळे मिटून पैसे दिले नाहीत. चाळीस हजार आगाऊ दिल्यावर त्याने व्हाउचर पाठवलं. त्यावरचा फोन नंबर मी मुद्दाम वापरला नाही. रिसॉर्टच्या स्वतःच्या वेबसाइटवरून ईमेल शोधला आणि विचारलं, या क्रमांकाचं बुकिंग आमच्या नावावर आहे का? दुपारपर्यंत उत्तर आलं: आहे, आम्ही तुमची वाट पाहतोय. त्याच संध्याकाळी उरलेले दीड लाख मी त्याच्या बचत खात्यात टाकले. फर्मच्या खात्यात टाकले तर जीएसटी लागेल, म्हणाला. पाच टक्के वाचले म्हणून मी खूश. इतरांना पावतीसाठी दम देणारा माणूस मी, आणि स्वतः पावतीशिवाय दीड लाख सोडून मोकळा झालो.

माले विमानतळावर अधिकाऱ्याने पासपोर्टवर शिक्का मारला आणि परत दिला. एक पैसा घेतला नाही. भारतीय पर्यटकाला तिथे उतरल्यावर व्हिसा फुकट मिळतो. आम्ही ‘व्हिसा प्रोसेसिंग’चे माणशी अडीच हजार भरले होते, आणि विमानाआधी ९६ तासांत ऑनलाइन भरायच्या इमुगा फॉर्मचे, म्हणजे मालदीवच्या प्रवेशाच्या माहितीपत्रकाचे, पाचशे वेगळे. तोही फुकटच असतो. पोटात पहिला गोळा तिथे आला. बायको म्हणाली, “जाऊ द्या, पाच-सहा हजारांसाठी तोंड पाडू नका.”

बाहेर आलं की समोर समुद्रच. स्टँडवर एसट्या लागाव्यात तशा स्पीडबोटी लागलेल्या. रिसॉर्टांचे काउंटर ओळीने मांडलेले. आमच्या काउंटरवरच्या पोराने यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर. शेवटी टॅब आमच्याकडे वळवला. नावं आमची, क्रमांक तोच, आणि पुढे लाल अक्षरांत: रद्द. अकरा दिवसांपूर्वी. फुकट रद्द करायची मुदत दहा दिवस आधीपर्यंत होती.

म्हणजे बुकिंग खोटं नव्हतंच. पोचल्यावर पैसे भरायचं बुकिंग होतं, एजंटने त्यात दमडी घातली नव्हती. आमचे पैसे खिशात टाकून मुदतीच्या आत त्याने एक बटण दाबलं. रिसॉर्टने मला त्या दिवशी खरं तेच सांगितलं होतं. मी ‘बुकिंग आहे का’ एवढंच विचारलं. ‘पैसे किती जमा झालेत, आणि हे रद्द कोण करू शकतं’ हे विचारायला हवं होतं. मंजूर कर्ज आणि उचललेलं कर्ज यातला फरक मी रोज लोकांना समजावतो, बरं का.

तो पोरगा पुढे म्हणाला ते जास्त लागलं. बुकिंग असतं तरी आज तुम्ही पोचला नसता. सीप्लेन अंधारात उडत नाही. दुपारी साडेतीनच्या आसपास जे उतरतात तेच त्या दिवशी जातात. आम्ही उतरलो पावणेसहाला. आमचं तिकीट पाहून एजंट ‘परफेक्ट टायमिंग’ म्हणाला होता! रोज मालदीव करणारा माणूस सगळ्यात आधी उतरायची वेळ विचारतो. एजंटच्या कोटेशनमध्ये ग्रीन टॅक्सही (तिथला पर्यटकांवरचा कर) माणशी रात्रीला ६ डॉलर लिहिला होता. रिसॉर्टांत तो १ जानेवारी २०२५ पासून १२ डॉलर झालाय. कुणाचं तरी जुनं कोटेशन, नावं बदललेलं. आणि लांबच्या बेटाचं सीप्लेन म्हणजे जाऊन-येऊन माणशी चारशे डॉलरच्या पुढे सहज जातं. ‘सीप्लेन फ्री’ वाचताना मी हा हिशोब केलाच नाही.

एजंटचा फोन अर्थातच बंद.

रात्र विमानतळाजवळच्या हुलहुमालेत काढली आणि दुसऱ्या दिवशी स्पीडबोटीने माफुशीला गेलो. हे वस्तीचं बेट, साधी गेस्टहाउसं, दारू नाही, पोहण्याचे कपडे फक्त ठरवून दिलेल्या किनाऱ्यावर. सकाळी टूना आणि ओल्या खोबऱ्याचं मास हुनी, सोबत रोशी, म्हणजे तिथली पोळी. अशा गेस्टहाउसमध्ये अडीच-तीन दिवस मजेत जातात हे आधी कळलं असतं तर पाण्यावरच्या व्हिलाच्या नादी लागलोच नसतो. स्नॉर्केलिंगच्या बोटीवरच्या माणसाने सांगितलं की इथली पांढरी वाळू बरीचशी पॅरटफिश, म्हणजे पोपटमासा, प्रवाळ कुरतडून बाहेर टाकतो त्याची. बायको म्हणाली, “मासा इथला, पोपट सांगलीचा.” दोन दिवसांत ती पहिल्यांदा हसली.

गावी आल्यावर १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. तो नंबर पैसे गेल्यागेल्या लावला तर पुढच्या खात्यातच रक्कम अडकवता येते. आमच्या पैशांना सहा आठवडे झाले होते. पोलीस ठाण्यात आधी ‘हा तर दिवाणी व्यवहार’ असंच ऐकावं लागलं. मग काउंटरवरच्या त्या पोराकडून लेखी मागून आणलेलं पत्र दाखवलं. कोणत्या दिवशी, कोणत्या ईमेलवरून रद्द झालं, रिसॉर्टकडे शून्य रक्कम जमा. त्यानंतर तक्रार घेतली. पैसे अजून आलेले नाहीत.

फोटोत आमच्या मागे निळ्या पाण्यावर व्हिलांची रांग दिसते, तो स्नॉर्केलिंगच्या बोटीतून काढलाय. त्यातला आमचा कुठला, असं कृपा करून विचारू नका.