बाळंतकळांसाठी मणक्यातलं इंजेक्शन: एपिड्युरल, स्पायनल की दोन्ही मिळून?

आठव्या महिन्यात ‘पेनलेस डिलिव्हरी’चा विषय निघाला की घरात लगेच दोन बाजू पडतात. ‘आम्ही नाही का सोसलं?’ ही एक आणि ‘घेऊन टाक, कशाला हाल करून घ्यायचे?’ ही दुसरी. या वादात ज्या बाईला कळा सोसायच्या आहेत, तिला नेमकं कशातून निवडायचं हे समजतच नाही. मणक्यातून वेदना कमी करण्याचे तीन मार्ग आहेत. तिघांचा उपयोग वेगवेगळ्या वेळी होतो, त्यामुळे ‘सगळ्यात चांगलं कोणतं?’ यापेक्षा ‘माझ्या वेळी कोणतं?’ असं विचारलेलं बरं.

एपिड्युरल आणि स्पायनल

दोन्हीत कमरेच्या खालच्या भागात, दोन मणक्यांच्या मधल्या जागेतून सुई जाते. दोन्हीत तुम्ही शुद्धीवर असता. फरक आहे तो सुई कुठे थांबते यात.

एपिड्युरलमध्ये ती मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरच थांबते. तिच्यातून एक बारीक मऊ नळी आत सोडतात, सुई काढून घेतात आणि नळी पाठीला चिकटवून ठेवतात. औषधाचा परिणाम यायला साधारण १५ ते २० मिनिटं लागतात. पण नळी जागेवर असल्यामुळे बाळ होईपर्यंत, मग ते चार तास असोत की चौदा, औषध देत राहता येतं. काही ठिकाणी पंपाचं बटण तुमच्याच हातात देतात. दुखू लागलं की दाबायचं. ठरलेल्या मर्यादेपलीकडे पंप औषध सोडत नाही. आणि ऐनवेळी सिझर करायची वेळ आली, तर त्याच नळीतून जास्त तीव्रतेचं औषध देऊन बहुतेक वेळा काम भागतं.

स्पायनलची सुई खूपच बारीक असते. ती आवरण ओलांडून आतल्या द्रवात पोचते, औषध सोडते आणि बाहेर येते. पाच मिनिटांच्या आत कळांची धार जाते. नळी नसते, म्हणून दीड-दोन तासांत परिणाम उतरतो, आणि कळा चालूच असतील तर पुन्हा नव्याने टोचावं लागतं.

अनेकींना वाटतं की स्पायनल म्हणजे सिझरचंच इंजेक्शन, मग पाय बधिर होणार आणि जोर कसा लावणार? औषधं त्याच घरातली असतात, पण कळांसाठीची मात्रा सिझरच्या मात्रेच्या साधारण पाव असते. पाय जड वाटू शकतात, पण सिझरसारखे लुळे पडत नाहीत.

पहिलटकरणीसाठी, पिशवीचं तोंड तीन-चार सेंटीमीटर उघडलेलं असताना मागणी असेल, तर माझं मत सरळ एपिड्युरलच्या बाजूने आहे. पुढे किती तास जातील हे कुणालाच ठाऊक नसतं. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल, बाई आठ-नऊ सेंटीमीटरवर दवाखान्यात पोचली असेल, तर मात्र एपिड्युरलचा परिणाम येईपर्यंत बाळ हातात येईल. तिथे स्पायनल योग्य.

दोन्ही एकत्र

तिसऱ्या प्रकारात आधी स्पायनलचा छोटा डोस आणि लगोलग एपिड्युरलची नळी. आराम लवकर मिळतो आणि टिकतोही. मग सगळ्यांनाच हे का देत नाहीत? स्पायनलमधल्या फेंटानिलसारख्या (मॉर्फिनच्या जातीच्या) वेदनाशामक औषधामुळे अंगाला खाज जास्त सुटते, आणि वेदना एकदम थांबल्यावर काही वेळा बाळाचे ठोके थोडा वेळ मंदावतात. ते बहुतेक वेळा आपोआप सावरतात, पण त्या वेळी यंत्रावर लक्ष ठेवणारं माणूस खाटेशी लागतं. शिवाय नळी नीट बसली आहे की नाही, हे स्पायनलचा असर उतरेपर्यंत पक्कं कळत नाही. सिझरची शक्यता आधीच जास्त असेल, तर अनेक भूलतज्ज्ञ म्हणूनच साधी, तपासून घेतलेली एपिड्युरल पसंत करतात.

कमरेची भीती

‘पाठीत सुई घेतली की कंबर कायमची गेली’ हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा ऐकायला मिळतं की ते खरंच वाटू लागतं. बाळंतपणानंतर कंबर दुखते, हे खरं आहे. ती सुई न घेतलेल्यांचीही दुखते. गरोदरपणात सैल झालेले सांधे, पुढे झुकलेला भार, नंतर तासन्‌तास वाकून पाजणं, ही त्याची कारणं. टोचल्या जागी काही दिवस ठणका राहतो, तेवढाच सुईचा वाटा. वैद्यकीय चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ या संस्थेच्या २०१८ च्या आढाव्यात ४० चाचण्या आणि ११ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली गेली. एपिड्युरलमुळे दीर्घकाळची पाठदुखी वाढल्याचं त्यात दिसलं नाही. सिझरचं प्रमाणही वाढलेलं दिसलं नाही. बाळ बाहेर काढायला चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याचं प्रमाण एकूण चाचण्यांत जास्त होतं, पण २००५ नंतरच्या चाचण्या वेगळ्या काढल्या तेव्हा तो फरक उरला नाही. आता औषध बरंच विरळ, ०.१ टक्का किंवा त्याहून कमी, वापरतात. म्हणून भूलतज्ज्ञांना ‘तुम्ही किती टक्क्यांचं देता?’ असं जरूर विचारा. हा प्रश्न उद्धट नाही.

जे त्रास खरंच होतात ते वेगळेच आहेत. रक्तदाब उतरतो, म्हणून आधी हातात सलाईन लावतात. थंडी वाजते, ताप येऊ शकतो, लघवीला होत नाही आणि नळी घालावी लागते. जोर लावण्याचा टप्पा थोडा लांबतो. ब्रिटनमधल्या प्रसूती-भूलतज्ज्ञांच्या संघटनेच्या माहितीपत्रकात आठांतल्या एकीला एपिड्युरल पुरेशी लागू पडत नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. तेव्हा नळी सरकवून किंवा पुन्हा घालून बघतात. सहा महिन्यांहून जास्त टिकणारी मज्जातंतूची इजा त्याच पत्रकानुसार सुमारे १३ हजारांत एक.

डोकेदुखीबद्दल मात्र थोडं थांबून सांगायला हवं. एपिड्युरलची सुई जाड असते आणि ती चुकून आवरणाला भोक पाडू शकते. त्यानंतरची तीव्र डोकेदुखी शंभरातल्या साधारण एकीला होते. स्पायनलची सुई आवरण ओलांडतेच, पण बारीक असल्यामुळे हे प्रमाण पाचशेत एक इतकं कमी आहे. या दुखण्याची खूण सोपी आहे: उठून बसलं की डोकं फुटतं, आडवं झालं की कमी होतं. ते बहुधा एक-दोन दिवसांनी, म्हणजे कधी कधी घरी गेल्यावर सुरू होतं. ‘जागरणाने होत असेल’ म्हणून अंगावर काढू नका, दवाखान्याला कळवा. गोळ्यांनी भागलं नाही तर तुमचंच थोडं रक्त एपिड्युरलच्या जागी सोडून गळती बंद करतात आणि बहुतेकींना त्याने आराम पडतो.

सुई नको असेल किंवा चालणार नसेल

अर्धा नायट्रस ऑक्साइड, अर्धा ऑक्सिजन असा वायू मुखवट्यातून हुंगता येतो. अर्ध्या-एक मिनिटात परिणाम, सोडला की तितक्याच लवकर उतरतो. गरगरतं, मळमळतं, आणि दुखणं बोथट होतं इतकंच. पेथिडिन किंवा ट्रामाडॉलच्या इंजेक्शनने गुंगी जास्त आणि आराम कमी, शिवाय पेथिडिन बाळाचा श्वासही मंद करू शकतं. सोबतीला आपलं माणूस, कोमट पाणी, कंबर चोळणं, चालत राहणं, हे तर सुई घेतली तरी हवंच.

प्लेटलेट फार कमी असतील, रक्त पातळ करणारं हेपरिनचं इंजेक्शन नुकतंच झालं असेल, पाठीवर जंतुसंसर्ग असेल किंवा खूप रक्तस्राव होत असेल, तर मणक्यातली सुई टाळतात. बीपी वाढलेल्या बाईला मात्र प्लेटलेट ठीक असतील तर एपिड्युरल उलट उपकारक ठरते. आधीचं सिझर, गादी सरकलेली असणं, वाकडा कणा ही ‘नाही’ म्हणण्याची कारणं नव्हेत. भूलतज्ज्ञांना सातव्या-आठव्या महिन्यातच दाखवून घ्यायची कारणं आहेत.

निवड खरं तर कुठे होते

आपल्याकडच्या छोट्या नर्सिंग होममध्ये भूलतज्ज्ञ बहुधा बाहेरून बोलावतात. सिझरला ते येतात, तासाभरात जातात. एपिड्युरलला मात्र कुणीतरी अधूनमधून रक्तदाब बघणारं, डोस ठरवणारं, बिनसलं तर लगेच पोचणारं लागतं. त्यामुळे ‘तुमच्याकडे पेनलेस करता का?’ याला ‘हो’ मिळालं तरी तेवढ्यावर नाव नोंदवू नका. रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ आवारात असतात का, नसतील तर किती वेळात येतात, नळी घातल्यावर पहाऱ्याला कोण असतं, बाळाचे ठोके सलग तपासतात का, हे विचारा. खर्च पॅकेजमध्ये धरला आहे की तासांवर, तेही तेव्हाच.

समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत आणि तुम्हाला एपिड्युरल हवीच असेल, तर दवाखाना बदलायला सातवा महिना ही चांगली वेळ आहे. कळा सुरू झाल्यावर मागणी करायला मात्र अमुक सेंटीमीटरची वाट बघायची गरज नाही. तुम्ही मागितलं, हेच पुरेसं कारण मानलं जातं. नवव्या महिन्यातला प्लेटलेटचा रिपोर्ट फाइलमध्ये वरच ठेवा, भूलतज्ज्ञ सगळ्यात आधी तोच मागतील.