यवतमाळचं लायसन घेऊन जर्मनीत गेले: नऊ महिने गाडी चालवल्यानंतरचा अनुभव

सगळ्यात आधी एक गोष्ट सांगून टाकते, कारण मला ती वेळेवर कोणी सांगितली नव्हती. आपलं भारतातलं लायसन जर्मनीत खिडकीवर देऊन त्याच्या बदल्यात तिथलं घेता येत नाही. काही देशांच्या लोकांना ती सोय आहे, त्या यादीत भारत नाही. आपल्याला लेखी परीक्षा द्यावी लागते आणि गाडीही चालवून दाखवावी लागते. सूट मिळते ती सक्तीच्या तासांची. शून्यापासून शिकणाऱ्याला ड्रायव्हिंग स्कूलमध्ये ठरावीक वर्ग आणि हायवेवरचे, रात्रीचे ठरावीक तास करावेच लागतात. आपल्याकडे चालू लायसन असेल तर ती सक्ती नसते. ही सूट लहान नाही. माझे सगळे मिळून सुमारे 1,900 युरो गेले, त्यात एकदा नापास झाल्याचा खर्चही आला. माझ्या सोबतच्या केरळच्या नर्सकडे लायसन नव्हतं, तिला 3,400 लागले.

मी दारव्हा तालुक्यातली. जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा केला, काही वर्षं नागपुरात नोकरी केली आणि एप्रिल 2024 मध्ये जर्मनीला गेले. लायसन 2016 चं, एमएच 29, त्यावर चारचाकी आणि गिअरची मोटारसायकल दोन्ही. शिकले बाबांच्या जुन्या ओम्नीवर, कापूस वेचून झालेल्या वावरात आणि मग दारव्हा रोडला. आता दिवाळीच्या सुटीत घरी आहे. परवा शेजारच्या गावच्या दोन मुली आल्या होत्या, जर्मन शिकताहेत, बी-वन या मधल्या पातळीची परीक्षा द्यायची आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्राने बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आमच्याकडच्या पोरापोरींत जर्मनचं वारं आहे. त्या दोघींनी लायसनचं विचारलं. मी दोन तास बोलत होते, तरी बरंच राहिलं, म्हणून हे लिहिते.

माझी पहिली चूक इथेच झाली, घरूनच. निघण्याआधी आरटीओतून इंटरनॅशनल परमिट काढलं. फॉर्म 4-ए, 1,000 रुपये, पासपोर्ट, व्हिसा आणि मूळ लायसन. परमिटवर मुदत एक वर्षाची होती. म्हणून मी समजले की वर्षभर आरामात गाडी चालवता येईल. तसं नाही. ते परमिट म्हणजे तुमच्या लायसनचा तर्जुमा आहे, त्याला स्वतःची वेगळी ताकद नाही. जर्मनीत राहायला गेल्यावर आपलं लायसन तिथे सहा महिनेच चालतं. परमिटवर काहीही तारीख असो. सातव्या महिन्यात गाडी चालवली तर तो नुसता दंडाचा विषय राहत नाही, विनापरवाना गाडी चालवण्याचा गुन्हा होतो. परदेशात नर्सच्या नावावर गुन्हा नोंदला गेला तर पुढचं सगळंच अडचणीत येतं.

हे मला जुलैमध्ये कळलं, तेही एका सहकारी बाईने जेवणाच्या सुटीत सहज विचारलं म्हणून. तोपर्यंत तीन महिने वाया गेले होते.

मग कागद गोळा केले. चष्म्याच्या दुकानात डोळ्यांची तपासणी, तिची फी देशभर ठरलेली, 6.43 युरो. प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स, पंचेचाळीस मिनिटांचे नऊ तास. मान्यता मिळालेल्या नर्सला यात सूट असते, पण माझ्या डिप्लोमाची मान्यता तेव्हा यायची होती, म्हणून मीही बसले. लायसनचं जर्मन भाषांतर, फोटो, राहत्या पत्त्याचा दाखला. हे सगळं पहिल्या महिन्यात होण्यासारखं होतं. अर्ज केल्यावर मंजुरीला नऊ आठवडे लागले, आणि मंजुरीशिवाय परीक्षेची तारीख मिळत नाही. ऑक्टोबर उजाडला, माझे सहा महिने संपले, आणि हातात काहीच नव्हतं.

त्या तीन-साडेतीन महिन्यांबद्दल थोडं सांगायला हवं. माझं काम वृद्धांच्या संस्थेत, खोलीपासून 11 किलोमीटरवर. सकाळची ड्यूटी सहाला सुरू. रविवारी पहिली बस आठला. नोव्हेंबरच्या अंधारात सायकलवर जायचे, हात बधिर व्हायचे. बाबांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "काहून वं, आठ वर्सं गाडी चालवली तुनं, अन् आता पुन्हा परीक्षा?" मलाही तेव्हा तसंच वाटायचं. आज वाटत नाही, ते पुढे सांगते.

लेखी परीक्षा कम्प्युटरवर असते, 30 प्रश्न. प्रत्येक प्रश्न चुकला की किती गुण जातात ते ठरलेलं, एकूण 10 गुण जाईपर्यंत चालतं, पण पाच-पाच गुणांचे दोन प्रश्न चुकले की नापास. भाषा जर्मन किंवा आणखी बारा: इंग्रजी, तुर्की, अरबी, रशियन अशा. हिंदी नाही, मराठी तर नाहीच. मी इंग्रजीत दिली. प्रश्नसंच हजाराच्या वर आहे, मोबाइलवर रोज शंभर करत गेले तर महिना पुरतो. पाठांतराने पास होता येतं, पण समजून करा, कारण तेच पुढे रस्त्यावर विचारलं जातं. एक उदाहरण देते. शाळेची बस थांब्यावर चारी इंडिकेटर लावून उभी असेल तर तिच्या बाजूने चालण्याच्या वेगानेच जायचं, समोरून येणाऱ्यानेसुद्धा. आणि रेल्वे फाटकापाशी लाल-पांढरी फुली दिसली की आधी रेल्वे. मी दारव्ह्याची. आमच्याकडे शकुंतला या जुन्या रेल्वेचे रूळ रस्त्यात आहेत, गाडी केव्हाची बंद. रूळ म्हणजे गाडीला बसणारे दोन धक्के, एवढीच सवय. तिथे फुलीपाशी मान वळवून दोन्हीकडे पाहायला मला स्वतःला शिकवावं लागलं.

आता गाडी. परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्याच गाडीतून द्यावी लागते, शेजारी त्यांचा शिक्षक, मागे परीक्षक. सक्तीचे तास नसले तरी काही तास घ्यावेच लागतात. मी बारा घेतले, 45 मिनिटांचे 65 युरो. पहिल्या तासाला प्रत्येक वळणावर वायपर सुरू व्हायचा, कारण ओम्नीत इंडिकेटर उजव्या हाताला आणि तिथे डाव्या. रस्त्याची बाजू उलटी, स्टिअरिंग उलट्या बाजूला. हे सगळं चार तासांत अंगवळणी पडतं, त्याला घाबरू नका. जे अंगवळणी पडत नाही ते म्हणजे मान वळवणं. तीन आरसे पाहिल्यावरही लेन बदलताना, उजवीकडे वळताना, बाजूला उभी गाडी काढताना खांद्यावरून मागे पाहायचं. शुल्टरब्लिक म्हणतात त्याला. उजवीकडे वळताना बाजूने सायकलवाला सरळ जात असतो, तो आरशात दिसत नाही. माझे शिक्षक म्हणायचे, नुसते डोळे फिरवून चालत नाही, परीक्षकाला तुझी हनुवटी फिरलेली दिसली पाहिजे.

पहिल्या वेळी नापास झाले ती जागा अजून डोळ्यांसमोर आहे. परीक्षा 55 मिनिटांची असते, मी साधारण पंधराव्या मिनिटाला होते. 30 च्या वेगाची वस्ती, दोन्हीकडे उभ्या गाड्या, माझा रस्ता बऱ्यापैकी रुंद. उजव्या हाताला एक बोळ होतं, कोपऱ्यावर उंच कुंपणाची झाडं. पाटी कुठलीच नाही. मी वेग न कमी करता सरळ निघाले. बोळातून करड्या रंगाची छोटी व्हॅन आली, आणि माझा पाय ब्रेककडे जायच्या आत शिक्षकाने त्यांच्या बाजूचा ब्रेक दाबला. गाडी जागीच थांबली. व्हॅनवाल्याने हात वर करून आभार मानले आणि निघून गेला, त्याला काहीच कळलं नसेल. मागून टॅबलेटवर बोट टेकल्याचा आवाज आला. शिक्षकाचा ब्रेक लागला की परीक्षा संपली.

नियम साधा: पाटी नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क आधी. रस्ता रुंद की अरुंद, डांबरी की विटांचा, याला किंमत नाही. आमच्याकडे डांबरी रस्ता मोठा आणि पांदण लहान. डांबरीवाला जातो आणि पांदणीवरचा ट्रॅक्टर थांबतो, किंवा ज्याचा हॉर्न आधी तो जातो. त्या रात्री खोलीवर बसून शोधलं तेव्हा दिसलं की भारताच्या 1989 च्या रस्त्याच्या नियमांतही हेच लिहिलं होतं: मुख्य रस्ता ठरवलेला नसेल तर उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्या. आठ वर्षं मी गाडी चालवली आणि हा नियम मला एकदाही कोणी सांगितला नाही. मीही विचारला नाही. आरटीओच्या ट्रायलला आठचा आकडा काढला, रिव्हर्स घेतला, झालं. त्यात हात चालतात का एवढंच पाहिलं जातं. जर्मनीत नजर कुठे जाते ते पाहतात. बाबांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या दिवशी मिळालं.

जानेवारी 2025 मध्ये पास झाले. गाडी गिअरचीच घेतली होती. फक्त ऑटोमॅटिकवरच शिकून परीक्षा दिली तर लायसनवर तसा कोड पडतो आणि गिअरची चालवता येत नाही. संस्थांच्या जुन्या गाड्या बऱ्याचदा गिअरच्या असतात, हे लक्षात ठेवा.

लायसन हातात देताना खिडकीवरच्या बाईंनी माझं यवतमाळचं कार्ड मागितलं. हे मला माहीत होतं, कायदाच तसा आहे, तरी देताना हात थबकला. ते कार्ड त्यांच्याकडे राहतं; परत हवं असेल तर जर्मन लायसन जमा करावं लागतं. आणि नव्या कार्डावर मी परीक्षा दिली तेवढाच वर्ग, म्हणजे चारचाकी. मोटारसायकलचा वर्ग गेला. तो हवा असेल तर वेगळ्या परीक्षा. काहींनी सल्ला दिला की भारतात गेल्यावर कार्ड हरवलं म्हणून सांग आणि डुप्लिकेट काढून घे. मी काढलं नाही आणि कोणाला सांगणारही नाही. खोटं लिहून दोन देशांची दोन लायसन बाळगायची आणि रोज म्हाताऱ्या माणसांच्या घराच्या किल्ल्या खिशात घेऊन फिरायचं, हे मला जमणार नाही. या सुटीत गावात गाडीला हात लावलेला नाही. बाबांची मोटारसायकल दारात उभी आहे, भाऊ सोडून येतो जिथे जायचं तिथे. वाईट वाटतं, पण ठीक आहे.

एक गोष्ट मात्र अनपेक्षित मिळाली. चारचाकीच्या लायसनवर तिथे एल वर्गही असतो, शेतीचा ट्रॅक्टर, ताशी 40 किलोमीटरपर्यंतचा. बाबांना कार्ड दाखवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून मागचा तक्ता पाहिला. "हे ट्रॅक्टरचं चित्र काहून हाय?" मी सांगितलं. त्यांनी ते कार्ड खिशात घातलं आणि संध्याकाळी पारावर नेऊन सगळ्यांना दाखवून आणलं.

आता नऊ महिने वापरल्यावरचं. मार्चपासून मी संस्थेच्या घरोघरी जाणाऱ्या तुकडीत आहे. सकाळी सहाला गाडी घ्यायची, दहा-बारा घरं, इन्सुलिन, जखमेची पट्टी, मोजे घालून देणं, औषधं. लायसनशिवाय हे काम मिळालंच नसतं. मला वॉर्डपेक्षा हे आवडतं. माणूस त्याच्या स्वयंपाकघरात भेटतो.

गावचा सराव कामी आला तो धुक्यात आणि जंगलाच्या कडेला. पहाटे हरणं, रानडुकरं रस्त्यावर येतात. आमच्याकडे रोही म्हणजे नीलगाय आडवी येते तेव्हा जे शिकलो तेच तिथेही शिकवतात: अपर लाइट डिपर करा, ब्रेक मारा, हॉर्न द्या, स्टिअरिंग झटक्याने वळवू नका, आणि एक गेलं की मागे दुसरं असणारच. सोबतच्या शहरी मुली तिथे घाबरतात, मी घाबरत नाही. उलट हॉर्नची सवय सोडायला सहा आठवडे लागले. वस्तीत तो धोका असेल तरच वाजवायचा. ऑटोबानला, म्हणजे तिथल्या हायवेला, बऱ्याच भागात वेगाची सक्ती नाही, 130 हा फक्त सल्ला आहे. मी 120 ने उजव्या लेनमध्ये जाते आणि कोणी काही म्हणत नाही.

दंड एकदाच झाला. 30 च्या भागात कॅमेऱ्याने पकडलं, मोजणीतल्या फरकाचे तीन वजा करून वेग 36, दंड 30 युरो. पत्र घरी आलं. दहाव्या घराला उशीर होत होता म्हणून पाय जड झाला होता. त्यानंतर मी यादी बनवणाऱ्या मॅडमना सांगितलं की त्या दोन घरांत अंतर जास्त आहे, वेळ वाढवा. त्यांनी वाढवली.

नवशिक्यांना तिथे दोन वर्षांचा परीक्षाधीन काळ असतो, त्यात दारूचा थेंबही चालत नाही आणि चुकीला शिक्षा कडक. पण भारतात लायसन मिळाल्यापासूनचा काळ त्यात धरतात. माझं 2016 चं असल्यामुळे मला तो काळ लागलाच नाही. म्हणून त्या दोघी मुलींना म्हटलं, जायचं नक्की असेल तर लायसन इथूनच काढून, दोन-तीन वर्षं खरंच गाडी चालवून जा. कार्डावर पहिली तारीख आणि वर्ग नीट छापलेले आहेत ना ते बघा. तिथे पोचल्यावर पहिल्या पगाराची वाट न पाहता पहिल्याच महिन्यात डोळे तपासा, कोर्स करा, अर्ज टाका.

दोघींपैकी एकीचं लर्निंग निघालं आहे, ट्रायल पुढच्या महिन्यात. तिच्या आईने विचारलं, "एजंटले सांगून होऊन जाईन ना वं?" मी नाही म्हटलं. पोरीने स्वतः गाडी चालवून ट्रायल द्यायची, हे मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं. उद्या संध्याकाळी भाऊ तिला मोकळ्या वावरात घेऊन जाणार आहे, मी शेजारी बसणार आहे.